लाल फितीला पाणी नाही

धायरी,
१७ एप्रिल

चि. पायल,
जय भीम.

तू माझ्याशी खोटं बोललीस. पत्राची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं, पण दुपारपासून दुसरं वाक्य सुचत नाही.

फोनवर आपण भांडतो, म्हणून काय ते लिहून कळव, असं तूच सांगून गेलीस. तुमच्या कॅम्पवर रेंजही नाही म्हणे. तेव्हा लिहिते. उद्या कॅम्पवर जाणाऱ्या जीपने हे तुला मिळेल.

होळीच्या आधी तू गच्चीवर रोपं मांडून गेलीस. हिरवी जाळी लावलीस, अवकाळी पाऊस येईल म्हणून वर प्लास्टिक टाकलंस. काळ्या पिशव्यांच्या रांगा, प्रत्येक रांगेत आलटून पालटून एक निळी फीत, एक लाल फीत. जाताना म्हणालीस, "आई, निळ्या फितीला एक दिवसाआड पाणी. लाल फितीला हात लावू नकोस. त्यांना औषध घातलंय, पाण्याने ते उतरेल." मी मान डोलावली. निळ्याला पाणी हे मला बरंही वाटलं.

तेव्हापासून मी तेच करते आहे. लाल फितीच्या रोपांनी माना टाकल्या तेव्हा वाटलं, औषध कडक असेल. काहींची पानं वळली, कडेने करपली. तरी मी म्हटलं, पोरगी शिकलेली आहे, आपण मॅट्रिक.

आज विश्वजीत मापं घ्यायला आला होता. तुझ्या हाताखालचा मुलगा, चांगला आहे, चप्पल जिन्यातच काढतो. त्याला कोकम सरबत दिलं आणि विचारलं, "का रे, या औषधाचा गुण कधी येणार?"

"कसलं औषध, काकू?"

"लाल फितीचं."

"काकू, लाल म्हणजे नो वॉटर. त्यांचं पाणी बंद आहे. मरेपर्यंत बघायचं, कोण किती टिकतं ते."

एवढं बोलून त्याने सरबत संपवलं आणि अजून आहे का म्हणून विचारलं. मी दिलं.  मागणाऱ्याला नाही म्हणायची या घरात पद्धत नाही. म्हणजे नव्हती.

पायल, झाडं शीलात धरायची की नाही हा वाद मी घालत नाही. तो भन्तेजींनी घालावा. पण मी रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणते, आणि तसंच उठून गच्चीवर जाऊन निम्म्या जिवांना पाणी देते, निम्म्यांना त्यांच्यासमोर देत नाही. महिनाभर. आणि मला माहीत नाही. ज्यांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला त्यांची तू नात, आणि तू माझ्या गच्चीवर फिती बांधून ठरवतेस, याला पाणी आहे, याला नाही.

पुढच्या जीपने उत्तर पाठव. नाही आलं तर मी सगळ्यांना पाणी घालीन, मग तू फिती बघत बस.

तुझी आई


धायरी,
२ मे

चि. पायल,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. चार पानं. बाबांच्या जागेवर मिळालेली नोकरी सोडलीस तेव्हा चार ओळी लिहिल्या होत्यास, त्या मानाने बरं.

आधी मुद्द्याचं. पाणी घातलेलं नाही. पुढचं वाचायच्या आधी तुझा जीव भांड्यात पडू दे.

तू लिहितेस की जंगलातलं मोठं झाड एका दुष्काळाने मरत नाही, त्याची मुळं खोल गेलेली असतात. मरतं ते गुडघ्याएवढं रोप. पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत त्याची मुळं ओलीपर्यंत पोचली तर त्याचं झाड होणार, नाही तर नाही. घाटाच्या पावसाच्या बाजूला पिसा नावाचं झाड जागोजाग आहे आणि आपल्या बाजूच्या टेकड्यांवर एक सापडत नाही, ते यामुळे असावं, असं तुला वाटतं. पाखरं त्याचं बी इकडे आणत असतील, ते रुजतही असेल, पण इकडच्या लांबलचक उन्हाळ्यात ते पोर मरतं. इकडचे धावडा आणि खैर पानं टाकून गप्प बसतात आणि पावसाची वाट बघतात. पिशाला ते जमत नाही.

मला वाटायचं, जंगल म्हणजे जिथे जे उगवलं ते. तुझं पत्र वाचून कळलं की उगवतं पुष्कळ, जे मेलं नाही त्याला आपण जंगल म्हणतो. 

आणि त्याच्या खाली तू लिहिलंयस ते. आता तुमच्या पावसाच्या बाजूलाही पाऊस लवकर जातो, उशिरा येतो. जुनी झाडं हिरवीगार उभी आहेत, बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण त्यांच्या पायाशी पोरं नाहीत. ही झाडं म्हातारी होऊन पडतील तेव्हा त्या जागी काय येईल ते कुणाला ठाऊक नाही. म्हणून आत्ताच कळायला हवं, पाणी तुटलं की कोण किती टिकतं. हे सगळं मला पटलं, पायल. मी अडाणी नाही. जाताना एवढं सांगितलं असतंस तर पुरलं असतं. औषधाची थाप कशाला मारलीस?

तूच कारण लिहिलंयस. "तुला खरं सांगितलं असतं तर तू घातलं असतंस." बरं.

आणखी एक तू लिहिलंयस. "बाबा काय करत होते? महापालिकेचे चावीवाले होते. रोज सकाळी नारायण पेठेचं पाणी त्यांनीच बंद केलं ना?" हे वाचून मला धक्का बसला. वडिलांची आठवण तू काढलीस, आणि ती वकिलासारखी काढलीस. केलं बंद. भीमराव चावी फिरवायचे, कारण पुढच्या पेठेला पाणी जायला हवं. आणि दुसऱ्या दिवशी तेच चावी फिरवून सोडायचे. एकदा तापात फणफणले असताना रिक्षा करून गेले, पाणी सोडायला. तू तुझी चावी कधी सोडणार, ते तुझ्या चार पानांत नाही.

आता आजीचं सांगते. विश्वजीत बोलला तेव्हा मथुराबाई जिन्यात बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. परवा सकाळी मी निळ्यांना पाणी घालून खाली आले, तर त्या तांब्या भरून जिना चढत होत्या. चौऱ्याऐंशीच्या वर्षी, गुडघे दुखत असताना.

मी मागून गेले. "आत्या, थांबा."

"का? सुकाय लागल्यात ती."

"पायलने नको म्हटलंय."

"पायल कोन लागून गेली? म्या तिच्या बापाची आई हाय."

"आत्या, तिचं शिक्षण आहे त्यात."

"पानी तोडायचं शिक्षान? ते आमाला लोकांनी फुकाट शिकवलं."

मग त्या तिथेच पायरीवर टेकल्या. तांब्या मांडीवर. म्हणाल्या, "म्या येवढी व्हते. घागर हिरीपाशी ठिवायची आन लांब जाऊन बसायचं. कुनाच्या मनात आलं तर वरनं वतायच्या. न्हाई आलं तर ऊन कलायचं. हिरीत पानी दिसायचं गं हिरा. दिसायचं मला ते."

आणि उठून लाल फितीच्या रोपाकडे हात नेला. मी तांब्या धरला. त्या सोडेनात. मी ओढला.

हे मी केलं, पायल. ज्या बाईला विहिरीपाशी लांब बसवलं होतं, तिच्या हातातलं पाणी मी काढून घेतलं. सांडलं ते माझ्या लुगड्यावर, रोपावर एक थेंब नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. परवापासून माझ्या हातचं पाणी पीत नाहीत, स्वतः उठून माठातून घेतात.

तुझ्यासाठी केलं. तुझं संशोधनाचं शेवटचं वर्ष आहे, हे गेलं तर सगळं गेलं, असं तू लिहिलंस म्हणून केलं. कळावं.

तुझी आई


धायरी,
२४ मे

चि. पायल,
जय भीम.

काल बुद्ध पौर्णिमा झाली. खीरदान केलं, विहाराबाहेर रस्त्यावरच्यांना पाणी वाटलं. आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, दोन्ही हातांनी पेले भरत होत्या. माझ्याशी बोलल्या, दोन शब्द, पण बोलल्या.

तुझं पत्र सोबत विहारात घेऊन गेले होते. खरं सांगते, दाखवायलाच नेलं होतं. पिसा जगला. इतर लाल फितीची पावसाच्या बाजूची रोपं वाळून काडी झाली आणि पिसा पानासकट उभा. तू लिहितेस, सगळ्यांना वाटत होतं तोच आधी जाणार. तुझे सर बंगळुरूच्या सभेत हे दाखवणार आहेत. आणि ती टेकड्यांवर झाडं लावणारी संस्था, ती या पावसाळ्यात आपल्या बाजूला पिसा लावणार, हजारो खड्डे घेऊन झालेत. "आई, हे तुझ्यामुळे झालं. दुसऱ्या कुणाकडे ठेवली असती तर कुणीतरी पाणी घातलंच असतं." माझ्यामुळे झालं असं तू याआधी कशाबद्दल लिहिलं होतंस ते आठवत नाही.

मी आनंदीबाईंना वाचून दाखवलं. आमच्या मंडळाच्या अध्यक्ष, तुला माहीत आहे त्यांचं तोंड. म्हणाल्या, "होळीपासून पाणी नाही आणि जगलंय? मग ते झाड नाही, ते आमचं मंडळ आहे. वर्गणी नाही, देणगी नाही, तरी आहे."

सगळ्या हसल्या. मग म्हणाल्या, बघायला येते.

आजीला मी नाव सांगितलं तर त्यांना वेगळंच ऐकू आलं. "पिशाचं झाड? पिशाच्चाचं? आन ते घरात आनलंय?" मी समजावलं. म्हणाल्या, "मंग जगंल न्हाई तर काय. भूत कशानं मरतंय?"

मलाही आश्चर्य वाटतंय, पायल. पिशाच्या रांगेपाशी जाऊन बसते. हा पाण्यावाचून कशाच्या जोरावर उभा आहे? आपल्या लोकांसारखा आहे असं वाटतं. काहीतरी असतं एखाद्यात, असं म्हणत सकाळी दोन मिनिटं हात जोडून उभी राहिले. तुला हसू येईल. ये हसायला.

तुझी आई


धायरी,
२८ मे

पायल,

उद्याची जीप चुकू नये म्हणून हे घाईने लिहिते. बस, आणि वाच.

आज आनंदीबाई आल्या. मी त्यांना पिसा दाखवायला नेलं. त्यांना वाकता येत नाही, म्हणून एक लाल फितीची पिशवी उचलून हातात द्यायला गेले. पिशवी उचलेना. जोर लावला तर खालून फाटल्यासारखा आवाज आला.

आनंदीबाई म्हणाल्या, "हिराबाई, हे खाली चिकटलंय."

खाली गोणपाट आहे. पिशवीच्या तळाला भोकं असतात ना, त्यातून मुळं बाहेर आलेली आणि गोणपाटात शिरलेली. पांढरी, केसांसारखी, जाळंच्या जाळं. मी गोणपाटाला हात लावला. ओलं होतं.

गोणपाट मी टाकलं. तू गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी. निळ्या फितीच्या पिशव्यांतून पाणी खाली निथळायचं, आणि त्यांतली एक रांग आपल्या झोपायच्या खोलीवर येते. छताला डाग पडला. रंगाचा खर्च कोण करणार, म्हणून तांदळाची जुनी गोणपाटं होती ती उसवून त्या रांगेखाली घातली. तेवढीच होती, दुसऱ्या रांगांना पुरली नाहीत. पिशव्या तू ठेवल्या होत्यास तशाच, त्याच क्रमाने परत ठेवल्या. त्या रांगेत काय आहे ते मी तेव्हा बघितलंही नव्हतं. तो पिसा आहे.

निळ्याचं पाणी गोणपाटात उतरत होतं, आणि शेजारचा लाल ते खालून पीत होता. होळीपासून. मी रोज त्याच्यासमोर उभी राहून त्याला पाणी देत नव्हते, आणि देत होते.

 आनंदीबाईंनी मला पाणी आणून दिलं, ते मी बाजूला ठेवलं.

सगळ्या पिशव्या उचलून बघितल्या. पिशाच्या जितक्या लाल फिती हिरव्या आहेत, तितक्या सगळ्या गोणपाटाला धरून आहेत. टोकाच्या दोन पिशव्यांखाली गोणपाट पुरलं नव्हतं. ते दोन पिसे केव्हाच वाळलेत. मी ते बघितले होते, पण म्हटलं, एखादं रोप असतं अशक्त.

विश्वजीतला गोणपाट दिसत होतं. त्याला वाटलं, तूच घातलंस.

आनंदीबाई जाताना म्हणाल्या, "आता हे पोरीला लिहू नका. एवढं वर आलेलं तिचं, खाली येईल. गोणपाट काढा, गप्प बसा. कोण बघतंय?"

 मी त्या हजारो खड्ड्यांचा विचार केला. तुझ्या शब्दावर पिसा इकडच्या टेकड्यांवर लावतील. त्याच्या खाली गोणपाट नसेल. पुढच्या उन्हाळ्यात ती सगळी पोरं मरतील, आणि तेही लाल फीत न बांधता.

म्हणून लिहिलं. सरांना लगेच सांग. सभा व्हायच्या आधी सांग.

आई


धायरी,
८ जून

पायल,

तुझं उत्तर वाचलं. एकच पान आहे, तरी दुसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही, म्हणून जे डोक्यात राहिलंय त्यावर लिहिते.

"आई, तू एप्रिलमध्येच लिहिलं होतंस की पाणी घालीन. घातलंस, समजू शकते. आजीने घातलं असेल तरी समजू शकते. मग गोणपाटाची गोष्ट कशाला? सरळ सांग, मी रागावणार नाही."

मी तुझ्याकडून पुष्कळ ऐकलं आहे. नोकरी सोडताना तू म्हणालीस, तुला बाबांची खुर्ची प्यारी, मी नाही. तेही गिळलं. पण खोटं बोलतेस, असं मला आजपर्यंत कुणी म्हटलेलं नव्हतं. मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, असं मी रोज म्हणते, नुसतं तोंडाने नाही. मंडळाचा हिशेब माझ्याकडे आहे. पावती दाखवा, असं तिथे मला कुणी विचारलेलं नाही, आनंदीबाईंनीसुद्धा नाही, आणि त्या देवालाही पावती मागतील, देव मानत असत्या तर. आणि माझी मुलगी मला म्हणते, रागावणार नाही.

औषध घातलंय असं कोण म्हणालं होतं, पायल? मी?

तुझी आजी घालायला निघाली होती. तिला मी अडवलं. कसं अडवलं ते तुला लिहिलं. ते लिहिताना माझं काय झालं ते लिहिलं नाही. तुझ्यासाठी मी जे केलं ते मला या जन्मी फिटायचं नाही, आणि तू लिहितेस आजीने घातलं असेल.

तू म्हणतेस गोणपाट पाठव, मुळांसकट. मी ठरवलं होतं, नाही पाठवणार. शब्द पुरत नसेल तर गोणपाट कशाला. आजीला तसं म्हटलं. त्या माठापाशी उभ्या होत्या. सगळं ऐकून घेतलं. आपल्या लेकराने आपल्याला खोटं म्हटलं म्हणजे काय, ते त्यांना मी समजावून सांगायला नको.

"धाड ते," म्हणाल्या.

"का धाडू? माझ्यावर विश्वास नाही तिचा."

"नसंना. ती तुला मोजतीया व्हय? ती मुळ्या मोजतीया. तिच्या कामाला मुळ्या लागत्यात, धाड. तुझं रडगानं मागनं रड."

मग पेला भरून माझ्या हातात दिला. मी प्यायले. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मला दे." मी भरून दिला. त्या प्यायल्या.

गोणपाट पाठवते आहे. तीन पिसे त्याला धरून आहेत, तसेच, सोडवलेले नाहीत. गोणपाट कापून दिलं आहे. उरलेलं कपाटात आहे, लागलं तर सांग. विश्वजीत जीपमध्ये मांडीवर धरून आणणार आहे, आडवं करू नको म्हणून मी त्याला बजावलं.

हे मी तुझ्या कामासाठी पाठवते. मला खरं ठरवायला नाही.

आई


धायरी,
२३ जून

चि. पायल,
जय भीम.

तुझी दोन पत्रं एकदम मिळाली. मोठं आधी वाचलं.

तू पिशव्या चिरून बघितल्यास. वरची माती भुकटी झालेली, त्यात जिवंत मूळ एक नाही, सगळी तळाला. वरून कुणी पाणी घातलं असतं तर मुळं वर असती. म्हणजे वरून कुणी घातलेलं नाही. हे तू आकृती काढून मला समजावलंस. मला ते समजावायची गरज नव्हती, पण आकृती चांगली आहे. आजीला दाखवली. त्या म्हणाल्या, "पोरगी चित्र ब्येस काढती."

सरांनी सभेत पिसा दाखवला नाही हे वाचून मी डोळे मिटून बसले. संस्थेने पिशाची रोपं परत घाटापलीकडे नेली, आणि इकडच्या खड्ड्यांत धावडा, खैर आणि आपटा लावायचं ठरवलं, हेही वाचलं. तुला तिथे चार लोकांत सांगावं लागलं असेल की माझ्या आईने गोणपाट टाकलं. हसले असतील. हसू देत.

मोठ्या पत्रात तू माफी मागितलेली नाहीस. तिथे शेवटी लिहिलंस, "गोणपाटाचा तुकडा धुऊन परत पाठवते." मी ते माफीच्या जागी धरलं. घरात तेवढी समज आहे.

छोट्या पत्राचं उत्तर आता देते. तू लिहितेस, प्रयोगाचा हा भाग वाया गेला, सरांनी मुदत वाढवून घेतली आहे, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करावा लागेल. "गच्ची मिळेल का?" असं भाडेकरू विचारतो. तरी उत्तर देते, कारण विचारलंस, आधीसारखी येऊन मांडून गेली नाहीस.

गच्ची मिळेल. रांगांखाली विटा लावून ठेवते, पिशव्या जमिनीला टेकणार नाहीत. डाग पडला तर पडू दे. निळ्या फितीला मी पाणी घालीन, एक दिवसाआड, हवं तर मापाने.

लाल फितीची रोपं मी सांभाळणार नाही. आजी तर नाहीच. ते काम गरजेचं आहे हे मला मान्य आहे. कुणीतरी बघितलंच पाहिजे, पाणी तुटल्यावर कोण कसं जातं, नाहीतर पुढे डोंगरच्या डोंगर जातील आणि कळणारही नाही. पण ज्याने पाणी तोडायचं ठरवलं, त्याने तिथे असलं पाहिजे. फीत बांधून कॅम्पवर निघून जायचं, आणि माना टाकताना आईने बघायचं, हे या वेळी झालं. यापुढे होणार नाही. तुला लाल फीत बांधायची असेल तर ती बांधल्यापासून शेवटचं रोप जाईपर्यंत तू या घरात राहायचं. रोज सकाळी माझ्याबरोबर वर यायचं. मी निळ्यांना पाणी घालीन तेव्हा तू लालांच्या समोर उभं राहायचं, आणि आजी पायरीवर बसून बघत असेल, तिला काय सांगायचं ते तू सांगायचं. मी मध्ये पडणार नाही.

होळीपासून पावसापर्यंत, म्हणजे सगळा उन्हाळा झाला. तुला जड जाईल. जावं.

फोनवर आपण भांडतो हे खरं आहे. समोरासमोरही भांडू. एवढ्या दिवसांत स्वयंपाकघरात तरी किती भांडणार.

कबूल असेल तर लिही. तुझ्या खोलीत सध्या मंडळाच्या सतरंज्या आहेत. तुझं पत्र आल्यावर त्या हलवीन, आधी नाही.

तुझी आई